साठ मावळे आणि चार दिवस

मुलांनो, सुरुवातीलाच एक गणित घालते. घाबरू नका, पाटी-पेन्सिल लागणार नाही.

साठ मावळे आहेत. एक मावळा रंगवायला ४० मिनिटं लागतात. ब्रश आहेत सहा, म्हणजे एका वेळी सहाच जण रंगवू शकतात. शाळा सुटल्यावर रोज एक तास मिळतो. तर सगळे मावळे किती दिवसांत रंगतील?

केलंत? साठ गुणिले चाळीस, म्हणजे २४०० मिनिटं. सहा जणांत वाटली की प्रत्येकी ४००. रोजची साठ धरली, तर जवळजवळ सात दिवस. उत्तर बरोबर आलं असेल तर शाब्बास! पण आमच्या हातात सात दिवस नव्हतेच. होते फक्त चार.

का, ते सांगते. माझी शाळा बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर आहे. मी मूळची पुण्याकडची. आमच्याकडे दिवाळी म्हणजे दारात किल्ला हवाच. इथे तशी फारशी पद्धत नाही, पण चौथीच्या वर्गाला शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना मी एकदा आमच्या वाड्यातल्या किल्ल्याची गोष्ट सांगितली आणि मुलं हटूनच बसली. झालं! दगड आले, पोती आली, पांढरी माती आली. राजगड करायचं ठरलं, कारण त्याला तीन माच्या आहेत. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. वर्गात गटही तीनच! भांडणं टळली. बालेकिल्ला तेवढा सगळ्यांचा.

वर्गणीत रंगवलेले मावळे बसेनात, म्हणून रविवारच्या बाजारातून प्लास्टरचे पांढरेफटक, कोरे मावळे आणले. बोटभर उंचीचे. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या ढाल, एक तुतारीवालाही होता.

आता ते चार दिवस. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. काही मुलं आजी-आजोबांपाशी राहतात, काहींना बरोबर जावं लागतं. वर्गातला सगळ्यांत चांगली चित्रं काढणारा मुलगा त्या वर्षी जाणार होता. मुकादमानं शनिवार सांगितला होता. "बाई, शुक्रवारपर्यंत किल्ला व्हईल ना?" असं त्यानं मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं. सोमवार मावळे वाटण्यातच अर्धा गेला, म्हणून सोमवार ते गुरुवार हे चार दिवस रंगकामाला आणि शुक्रवार मांडायला, असा माझा हिशेब होता.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापला मावळा घेतला आणि आपल्या मनानं रंगवला. तासाभरात जेमतेम आठ झाले. आमच्या चित्रकारानं किती केले असतील? एक! तोही पुरा नाही. पण काय चेहरा काढला होता म्हणता! भुवई, बुबुळ, कपाळावर गंध. मी त्याला रागावू की शाबासकी देऊ, मला कळेना.

त्या रात्री मी माझ्या मामेभावाला फोन लावला. तो इंग्लंडात नॉटिंगहॅमला नोकरीला आहे आणि त्याला एक गमतीदार नाद आहे. टेबलावर छोट्या छोट्या सैनिकांच्या लढाया खेळायचा! हसू नका हं, हा मोठ्या माणसांचा खेळ आहे. टाइम मशीनची गोष्ट लिहिणारे एच. जी. वेल्स तुम्हांला माहीत असतील. त्यांनी १९१३ साली ह्या खेळाच्या नियमांचं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं शिशाचे सैनिक पाडायचे आणि जमिनीवर पालथं पडून नेम धरायचा! हल्ली ह्या खेळातला वॉरहॅमर हा प्रकार फार गाजलेला आहे. तो १९८३ साली इंग्लंडमध्येच निघाला. त्यातले सैनिक इंच-सव्वा इंचाचे असतात, विकत मिळतात ते बिनरंगाचे, आणि एकेका खेळाडूला पन्नास-शंभर सैनिक स्वतः रंगवावे लागतात. म्हणजे आमची जी अडचण, तीच ह्या मंडळींची बाराही महिने!

माझं सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, तू एकेक मावळा रंगवतेस? मग दिवाळी काय, होळी येईल. मावळा रंगवू नकोस, रंग रंगव."

रंग रंगव? म्हणजे काय? तर एक रंग भिजवायचा आणि तो सगळ्या मावळ्यांना लावून संपवायचा. मग दुसरा. आपला वेळ कशात जातो, ठाऊक आहे? ब्रश धुण्यात, डब्या उघडण्यात आणि रंग वाळायची वाट बघण्यात. दहा मावळे ओळीनं उभे केले की दहाव्याला रंग लागेपर्यंत पहिल्याचा वाळलेला असतो. हेन्री फोर्ड ह्यांनी मोटारी अशाच केल्या. १९१३ साली त्यांनी मोटारीचा सांगाडाच कामगारांसमोरून सरकवायला सुरुवात केली. आधी एका सांगाड्याच्या जोडणीला साडेबारा तास लागत. वर्षभरात ते काम दीड तासावर आलं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत आम्ही कामाला लागलो. मोडक्या बाकाच्या पाच पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टीवर चिकणमातीच्या गोळ्यांत दहा-दहा मावळे रोवले. आता मावळ्याला हात लावायचं कारणच नाही. पट्टी धरायची, हवी तशी फिरवायची. उरले दोन, ते एका खापरीवर.

आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली होती. प्लास्टर रंग पिऊन टाकतं! ब्रश अडखळतो आणि लाल पागोटं वाळल्यावर गुलाबी दिसतं. म्हणून आधी एक चमचा फेव्हिकॉल चार चमचे पाण्यात ढवळून तो हात सगळ्यांना दिला. तो वाळल्यावर, शाळा सुटल्यावर, गेरूत थोडा फेव्हिकॉल घालून सगळे मावळे डोक्यापासून पायापर्यंत गेरूनं माखले. मुलं हिरमुसली. "बाई, सगळे मातीचेच झाले की!"

पण गंमत पुढे आहे. खाली गडद रंग असला की वरचा रंग कानाकोपऱ्यात घालत बसावं लागत नाही. अंगरख्याच्या चुण्या, पागोट्याचे पीळ, बगलेतली खाच, इथे गेरू तसाच सोडून द्यायचा. तीच सावली. सावली काढायची मेहनत वाचली! आणि जिथे उंचवटे आहेत, ढालीची कड किंवा दाढीचे केस, तिथे जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा. ब्रशवर रंग घ्यायचा, जुन्या वर्तमानपत्रावर पुसून पुसून तो संपत आणायचा आणि मग हलकेच खालीवर करायचा. फक्त उंच भागावर रंग बसतो. (ह्याला नवा ब्रश वापरू नका, केस फिसकटतात. जुना घ्या.)

बुधवारी पट्ट्या फिरू लागल्या. पहिल्यानं हातापायांचा आणि चेहऱ्याचा रंग द्यायचा, दुसऱ्यानं अंगरखा, तिसऱ्यानं पागोटं, चौथ्यानं शेला, पाचव्यानं भाले-ढाली. आतून बाहेर असा क्रम. आधी शेला रंगवून मग अंगरखा रंगवला, तर शेल्यावर डाग पडणारच, नाही का? सहावा ब्रश आमच्या चित्रकाराकडे. त्यानं मिशा आणि डोळे काढायचे.

आणि तिथेच सगळं अडलं! बाकीचे भराभर पट्ट्या पुढे ढकलताहेत आणि ह्याच्यासमोर त्या साचताहेत. तो आपला तिसऱ्या मावळ्याच्या डाव्या डोळ्यात. शेवटी मी सगळ्यांना किल्ल्यापासून पाच पावलं लांब उभं केलं आणि सोमवारचे आठ मावळे बुरुजावर ठेवले. "डोळे दिसतात का?" "नाही, बाई." खरंच नव्हते दिसत. पागोट्याखालची काळसर सावली तेवढी दिसत होती, आणि मिशा. "मग डोळे नकोत," मी म्हटलं.

चित्रकार माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, मंग ह्यांला दिसंल कसं?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? डी.एड.च्या दोन वर्षांत असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तडजोड त्यानंच सुचवली. पहाऱ्यावरच्या मावळ्यांना डोळे हवेतच. दरवाजावरचे दोन, तिन्ही माच्यांच्या टोकाला एकेक, तुतारीवाला आणि गादीवर बसलेले महाराज. बाकीच्यांना नसले तरी चालतील. सात जोड्या डोळे! मी कबूल झाले.

त्याच दिवशी माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगायला हवी. मामेभावानं सांगितलं होतं की शेवटी तपकिरी रंगाचं पातळ पाणी सगळ्यावरून फिरवावं, म्हणजे ते खाचांत उतरतं आणि क्षणात कपड्यांना सुरकुत्या दिसतात. मी उत्साहानं पहिल्या पट्टीवर ते फिरवलं. दहाच्या दहा मावळ्यांवर एकदम! एकावर करून बघावं, एवढंही सुचलं नाही. बघता बघता पांढरे अंगरखे, लाल पागोटी, निळे शेले सगळे विरघळून चिखल! ती मंडळी ॲक्रिलिक रंग वापरतात. तो एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. आमचे पोस्टरचे रंग, वरून पाणी पडलं की पुन्हा ओले. गेरूत फेव्हिकॉल होता म्हणून तो टिकला, वरच्या रंगांत मी घातला नव्हता. मुलं गप्प. मीही गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, हे पावसातून आले असं म्हणू." ते दहा जण तसेच गडाच्या पायथ्याशी उभे केले. नंतर त्यांची पागोटी तेवढी पुन्हा लाल केली.

वेळ कमी पडत होता, म्हणून मी आणखी एक युक्ती केली. जे अठरा मावळे तटाला टेकून उभे राहणार, त्यांच्या पाठी रंगवल्याच नाहीत. गेरूच ठेवला. पाठ कोण बघणार?

गुरुवारी साडेपाचला शेवटचा भाला झाला. हिशेब केला, तर त्या बावन्न मावळ्यांना प्रत्येकी साधारण वीस मिनिटं पडली होती. निम्मा वेळ. मांडायचं शुक्रवारी ठरलं होतं, पण मुलं ऐकेनात. हळीव अजून उगवले नव्हते, संजीवनी माचीचा बुरुज ओलाच होता, तरी कंदिलाच्या उजेडात साठही मावळे चढवले. महाराजांना बालेकिल्ल्यावर चित्रकारानं बसवलं. लांब जाऊन बघितलं, परत आला, थोडे तिरके केले, पुन्हा लांब गेला. घरी जायला बराच उशीर झाला त्याला.

शुक्रवारी सकाळी तो शाळेत आला नाही. ट्रॅक्टर एक दिवस आधीच आला होता. पहाटे चारला टोळी निघाली, असं शेजारच्या मुलानं सांगितलं.

दिवाळी झाली. मावळे पुसून कागदात गुंडाळून खोक्यात भरले आणि खोकं कपाटात गेलं. एप्रिलमध्ये एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत तो दिसला. उंच झाला होता, उन्हानं काळवंडला होता. मधल्या सुट्टीत त्यानं खोकं मागितलं. ओसरीवर बसून एकेक मावळा कागदातून काढला, ओळीनं उभा केला. पहारेकऱ्यांचे डोळे तपासले. मग एक उचलून उलटा केला. मग दुसरा. मग तिसरा.

"बाई," तो म्हणाला, "ह्यांच्या पाठी राहिल्यात की."

मी कपाटातून ब्रश काढून आणला.