यवतेश्वरचा घाट आणि एक जुनी शिक्षा

शेंद्र्याच्या आपल्या शाळेत आम्ही इतिहास शिकवत असलो, तरी पहाटेच्या कवायतीची जबाबदारीही अनेक वर्षे आमच्याकडेच होती. विदर्भातून आलेला एक विद्यार्थी त्या वेळी सारखी पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागे. थंडीत हातपाय दुखतात म्हणून बाजूला बसे. आम्हाला ती कामचुकारी वाटली. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या आणि मधे पाणी नाकारले. त्या रात्री तो गुडघे पोटाशी घेऊन विव्हळत होता. वडील न्यायला आले ते रागाचा एक शब्द बोलले नाहीत. "सर, त्याला सिकलसेल आहे. आम्हीच सांगायला हवं होतं. पण पोराला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून गप्प राहिलो."

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, तहान आणि अतिश्रम यांनी वेदना उसळते. आम्ही त्या सकाळी ही तिन्ही निमित्ते एकत्र आणली होती.

पुढे आम्ही याविषयी वाचत गेलो. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्या आढळल्या. अमेरिकेत दोन लाखांहून कमी रुग्ण असलेला आजार कायद्याने दुर्मीळ ठरतो, म्हणून तेथे सिकलसेल दुर्मीळ. विदर्भातील आदिवासी पाड्यांवर आणि आपल्या वस्त्यांत तो मुळीच दुर्मीळ नाही. तिकडे २०२३ च्या डिसेंबरात जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत एका रुग्णामागे सुमारे बावीस लाख डॉलर! संशोधन येथे, आपल्या माणसांसाठी व्हायला हवे, ते यासाठी.

म्हणूनच माजी विद्यार्थ्यांनी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावून सिकलसेल संशोधनासाठी निधी उभारण्याचे ठरवले, तेव्हा पन्नाशी उलटलेले आम्हीही नाव दिले. पालकांनी किलोमीटरमागे दहा रुपये द्यावेत, असा हिशेब ठरला. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या एका आईने एकवीस किलोमीटरचे दोनशे दहा रुपये आगाऊच आणून दिले.

बैठकीत मात्र वाद झाला. हा आजार आपल्या समाजाच्या नावावर चिकटेल, मुलींची लग्ने अडतील, असे एका ज्येष्ठांचे म्हणणे होते. ते चुकीचे म्हणून झटकून टाकण्यासारखे नव्हते; शिक्के सोसलेल्या माणसांची ती भीती होती. आम्ही सांगितले की हा दोष हिवतापाच्या मुलखातून आला आहे; एकाच पालकाकडून आला तर तो हिवतापापासून काहीसे संरक्षण देतो. म्हणूनच तो आफ्रिकेत, ग्रीसमध्ये, सौदी अरबस्तानातही सापडतो. अस्पृश्य निराळ्या वंशाचे आहेत, हा समज बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात खोडून काढलाच आहे. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. कुंडल्या आपण केव्हाच टाकून दिल्या. लग्नाआधी रक्ताचा अहवाल पाहायला हरकत कसली? ज्येष्ठ गप्प राहिले. पटले की नाही, कोण जाणे. पण जाताना त्यांनी पाकीट उघडले.

चढाचा सराव आम्ही शहरातल्या गोगाबाबा टेकडीवर केला. आधी सर्वांची डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. त्यात रक्ताचीही होती.

साताऱ्याला पोचलो तेव्हा पाऊस होता. शहर मागे पडून यवतेश्वरचा घाट सुरू होतो, तेथे आमचा तो जुना विद्यार्थी स्वेटर आणि कानटोपी घालून उभा होता. धावणे त्याला शक्य नव्हते. पण येणार असे त्याने कळवले होते. नोकरीतून रजा काढून आला होता. हातात पाण्याची बाटली.

"सर, पीत पीत चढा. घाई करू नका."

आम्ही बाटली घेतली. क्षमा मागायची होती, ती वर्षानुवर्षे मनात जुळवून ठेवली होती. पण मागून माणसे येत होती, आणि तोही "चला, चला" म्हणत होता. कासच्या रस्त्यावर धुके इतके होते की पुढच्याची पाठही दिसेना. आम्ही धावलो कमी, चाललो अधिक. उतरताना पाहिले, तेव्हाही तो तेथेच उभा होता. या वेळी मात्र आम्ही थांबलो.

जमलेला निधी नागपूरकडच्या संशोधनकार्याला पोचता झाला. आपल्या मैदानाच्या कडेला आता रांजण ठेवला आहे. कवायतीच्या वेळी पाणी प्यायला कोणालाही विचारावे लागत नाही.