112 दिवसांचा हिशेब

जुलै 2024. सकाळची टीम मीटिंग चालू होती आणि गिरगावच्या शेजारच्या काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. आमच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला. खाली मेसेज : 'बघून घे रे. कोर्टाचं आहे.'

झूम करून वाचलं. खोली रिकामी करण्याचा हुकूम झाला होता आणि मालकांनी आता त्याची अंमलबजावणी मागितली होती. हुकूम फेब्रुवारीतला होता. बाबा इथे, माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत पेपर वाचत बसले होते.

"बाबा, केसचा निकाल लागला?"

"लागला."

"कधी?"

"झाले पाच महिने." पेपर खाली न करता म्हणाले.

खोली दहा बाय सोळाची. तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. आजोबांच्या नावाने पागडीवर घेतलेली, मग बाबांच्या नावावर आली. भाडं आजही माझ्या महिन्याच्या मोबाइल आणि इंटरनेटच्या बिलापेक्षा कमी. 2018 साली आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा तिला तीन जिने उतरवून चढवणं अशक्य होतं. मला नुकतीच पुण्यात नोकरी लागली होती, म्हणून दोघांना इकडे आणलं. खोलीला कुलूप लागलं. पुढच्या वर्षी आई गेली. आणि त्याच वर्षी मालकांनी दावा लावला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. त्याच्या कलम 16 मध्ये मालक कोणत्या कारणांसाठी जागा परत मागू शकतो ते दिलंय. त्यातलं एक असं : दाव्याच्या आधी सलग सहा महिने जागा वाजवी कारणाशिवाय वापरली नसेल तर. समोरच्यांनी बेस्टची लाइट बिलं लावली. महिनोन् महिने मीटर जवळजवळ हललाच नव्हता. 'वाजवी कारण' आमच्याकडे होतं, पण आईची हॉस्पिटलची फाइल कोर्टात कधी पोचलीच नाही. ती माझ्या कपाटात वरच्या खणात होती. मला कुणी मागितली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आम्ही नवीन वकील गाठल्या. मॅडमनी कागद चाळले आणि पहिला प्रश्न केला, "अपील का नाही केलंत?" मुंबईत अशा दाव्याचं अपील धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयातच, दोन न्यायाधीशांपुढे चालतं. मुदत 30 दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. तेवढे वगळूनही, अपील तयार होऊन दाखल करेपर्यंत 112 दिवस उशीर होणार होता.

"आधी उशीर माफ करून घ्यावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोवर अपील ऐकायलाच घेणार नाहीत. आणि अपीलच नाही तर स्थगिती कशावर मागणार? मुदत कायद्याचं कलम 5. पुरेसं कारण दाखवायचं. 112 दिवसांचा हिशेब द्या मला."

त्या रात्री मी एक्सेल उघडलं आणि 112 ओळींची शीट केली. तारीख, काय घडलं, पुरावा. मार्चमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. औषधं, तपासण्या धरून नऊ दिवस भरले. उरल्या 103 रिकाम्या ओळी.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी एका मित्राला मेसेज केला. त्याचा मामेभाऊ डॉक्टर आहे. 'सायटिकाचं सर्टिफिकेट मिळेल का? मार्च ते जुलै, बेड रेस्ट.' मित्राने अंगठा पाठवला. काम झालं असं वाटून मी बाबांना सांगायला गेलो.

"प्रतिज्ञापत्रावर सही कुणाची?" बाबांनी विचारलं.

"तुमची."

"मग मला सायटिका नाहीये."

"मग कारण काय लिहायचं, बाबा? पाच महिने काय करत होतात तुम्ही?" माझा आवाज चढला होता.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तूच म्हणाला होतास ना, सोडून द्या म्हणून."

मला आठवेना. त्यांना मात्र लख्ख आठवत होतं. जानेवारीतली गोष्ट. ते तारखेसाठी मुंबईला निघाले होते आणि मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणालो होतो, "बाबा, दीडशे फुटांच्या खोलीसाठी किती खेटे घालणार? सोडून द्या आता. इथे काय कमी आहे तुम्हाला?" मी हे काळजीपोटी म्हणालो होतो. निदान तसं मला वाटत होतं. त्यांनी ते आपल्या परीने ऐकलं : खोलीचं नाव काढलं की पोरगा वैतागतो. फेब्रुवारीत जुन्या वकिलांचा फोन आला, निकाल विरुद्ध गेल्याचं कळलं, आणि त्यांनी तो विषय गिळून टाकला. नकलेचा कागद आला तोही पिशवीत ठेवून दिला.

"आईची भांडी आहेत तिथे," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

माझ्या कामात वेळेची हद्द फार सरळ असते. तीस सेकंदांत उत्तर आलं नाही की सर्व्हर कनेक्शन तोडतो. का उशीर झाला हे तो विचारत नाही. कायदाही असाच असेल असं मी धरून चाललो होतो. पण उशिराच्या अर्जात कोर्ट नेमकं तेवढंच विचारतं : का?

मॅडमनी दोन निकाल समजावले. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने अनंतनागच्या भूसंपादनाच्या प्रकरणात चार दिवसांचा उशीर माफ केला आणि सांगितलं की 'प्रत्येक दिवसाचा खुलासा' हा नियम शब्दाला चिकटून लावू नये. मुद्दाम उशीर करून सहसा कुणाचा फायदा होत नाही. 1998 सालच्या दुसऱ्या निकालात तर 883 दिवसांचा उशीर होता. तिथे कोर्टाचं म्हणणं असं, की उशीर किती यापेक्षा खुलासा पटण्यासारखा आहे की नाही हे महत्त्वाचं. "पण उलट निकालही आहेत," मॅडम म्हणाल्या. "निष्काळजीपणाला माफी नाही. समोरच्यालाही कधीतरी केस संपल्याचा हक्क असतो. तेव्हा खरं काय ते सांगा."

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. अर्जदार 66 वर्षांचे, पत्नी वारलेली, पुण्यात मुलाकडे राहतात. ऑपरेशनचे कागद सोबत. निकाल कळल्यावर मुलाला त्रास नको म्हणून त्यांनी घरात सांगितलं नाही. कोर्टाच्या इंग्रजीत ते फार कोरडं दिसत होतं. सोबत मुलाचंही प्रतिज्ञापत्र जोडलं. मित्राला मी 'नको' असा मेसेज केला.

सुनावणीच्या दिवशी बाकावर आमच्या शेजारी मालक बसले होते. बाबांच्याच वयाचे, मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर. ज्या भाड्यात वर्षाची साधी डागडुजीही निघत नाही, त्यात ही इमारत त्यांनी वडिलांकडून घेतली होती. त्यांच्या वकिलांनी आत जोरदार विरोध केला : मुलगा इंजिनिअर, घरात दोन-दोन स्मार्टफोन, आणि म्हणे कळलं नाही! मान खाली घालून ऐकलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. बाहेर आल्यावर मालकांनी बाबांना विचारलं, "वहिनी कधी गेल्या हो? मला कळलंच नाही."

उशीर माफ झाला. समोरच्यांना पाच हजार रुपये खर्च द्यायचा, या अटीवर. अपील दाखल झालं, अंमलबजावणीला तूर्त स्थगिती मिळाली. खोली वाचली असं नाही. अपील अजून उभं आहे, आणि आईची फाइल या टप्प्यावर पुराव्यात घेऊ द्यावी म्हणून वेगळा अर्ज करावा लागलाय. हरूही शकतो. कायद्याने बघितलं तर मालकांची बाजू पोकळ नाही, हे आता मला कळतं.

आता महिन्यातून दोन शनिवार-रविवार आम्ही गिरगावात असतो. केससाठी नाही, त्या सहा महिन्यांचा प्रश्न आता अशाने बदलत नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. बाबा आईच्या कुकरमध्ये भात लावतात, मी खिडकीत लॅपटॉप घेऊन बसतो. नेटवर्क बेताचंच.

तुमच्याही घरात अशी एखादी कागदांची पिशवी असेल. कपाटावर, देवघराखाली, कुठेतरी. ती काढा, पण वाचायला लागण्याआधी ज्यांची आहे त्यांच्याशेजारी बसा. शेवटची तारीख कोणती, एवढं विचारा. लॅपटॉप बंद करून विचारा.