लक्ष असू द्या

मराठी माणूस निरोप घेताना एक वाक्य हमखास म्हणतो, 'बरंय, लक्ष असू द्या!' हे तो देवाला म्हणतो, आमदाराला म्हणतो, मुलाच्या गणिताच्या मास्तरांना म्हणतो आणि उधारीवाल्या वाण्यालाही म्हणतो. 'पैसे असू द्या' म्हटलं तर यांतले निम्मे तोंड फिरवतील. लक्ष मागितलं की मात्र सगळे हसून मान डोलावतात. कारण लक्ष फुकट असतं असा आपला समज! एक लक्ष म्हणजे एक लाख, हे हिशेबी माणसांच्याही ध्यानात येत नाही.

इंग्रज या बाबतीत व्यवहारी. तो शाळेतल्या पोराला अटेन्शन 'पे' करायला लावतो. रोखीचं काम. आपण लक्ष देतो, ठेवतो, पुरवतो, वेधतो आणि घालतो. यातलं 'घालणं' कचेरीतलं. 'मी यात लक्ष घालतो' असं साहेब म्हणाले, की फाइल त्या लक्षाखाली दबून वर्षभर वर येत नाही.

हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन पंडितानं १९७१ साली सांगून ठेवलं, की माहिती ही घेणाऱ्याचं लक्ष खाऊन जगते. तेव्हा माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ ठरलेलाच. या गृहस्थांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या देवळातले हरदासबुवा हेच शास्त्र उपरण्यावर जाणत होते. पूर्वरंगात निरूपण, मग बुक्का आणि हार, आणि आख्यान उत्तररंगात. आख्यान आधी लावलं असतं, तर निरूपणाला समई आणि पेटीवाला एवढेच उरले असते. आरतीचं तबक फिरायचं तेही अगदी शेवटी. मधेच खांबाला टेकलेल्यांच्या माना कलायला लागल्या, की बुवा टिपेला जाऊन पुंडलिक वरदाचा गजर करायचे. दचकून उठलेला म्हातारा सगळ्यात मोठ्यानं 'हारि विठ्ठल' म्हणायचा! ही वसुली आयकर खात्यालाही जमणार नाही.

पुढे या धंद्यात दलाल शिरले. न्यूयॉर्कच्या बेंजामिन डे यांनी १८३३ साली एका सेंटचं वर्तमानपत्र काढलं, तेव्हा इतर पत्रं सहा सेंटला होती. उरलेले पैसे जाहिरातदारांकडून. म्हणजे वाचक पेपर विकत घेत होता आणि पेपर वाचकाला विकत होता. आपल्या दूरदर्शनवर जाहिराती आल्या १ जानेवारी १९७६ पासून. १९८७ साली 'रामायण' लागायचं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. लोक अंघोळी करून, हात जोडून बसायचे आणि प्रभू प्रकट होण्याआधी जाहिराती प्रकट व्हायच्या. पण त्या खोक्याचं एक बरं होतं. कार्यक्रम संपायचा.

मोबाइलचा संपत नाही. तिथं आरतीच नाही, नुसतं तबक फिरतं! २०१७ साली नेटफ्लिक्सच्या रीड हेस्टिंग्ज यांनी तर आपली स्पर्धा झोपेशी असल्याचं सांगून टाकलं. स्पर्धा आमच्या बुवांचीही झोपेशीच होती म्हणा. पण प्रसाद वाटून झाला की ते 'जा आता, निजा' म्हणायचे.

या सगळ्यात चलनच खोटं व्हायला लागलं आहे. आजी गोष्ट सांगायची ती हुंकाराच्या बोलीवर. हुंकार म्हणजे माल पोचल्याची पावती. पावती थांबली की गोष्ट बंद, पांघरूण गळ्यापर्यंत. आता पावत्या फाटताहेत, माल कुठंच पोचत नाही. मोबाइलमध्ये मान घातलेल्या चिरंजीवांना आमच्या हिनं परवा विचारलं, "भाजीत झुरळ घालू का रे?"

"हं," चिरंजीव म्हणाले, "थोडंच."

यात खरी आबाळ होते ती ज्यांच्यापाशी विकायला काही नाही त्यांची. माझी आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी राहते. तिच्यापाशी मालमत्ता म्हणजे दोन गुडघे आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. पाणी शनिवार पेठेत शिरलं आणि तिच्या आईच्या माहेरचा तांब्याचा बंब वाहून गेला. गुडघ्यांसाठी तिला डॉक्टर आहेत. "माणूस सोन्यासारखा आहे रे," ती म्हणते, "पण दुखतंय मला आणि तो बघतो त्या कॉम्प्युटरकडे. त्याला काय दुखतंय?" पुरासाठी मात्र गिऱ्हाईक नव्हतं.

मग एके दुपारी एका बँकेतून फोन आला. आजकाल येतात तसा, घरबसल्या कर्ज हवंय का म्हणून. तुम्ही-आम्ही दुसऱ्या शब्दाला फोन ठेवतो. आत्यानं त्या मुलीचं सगळं ऐकून घेतलं, व्याजाच्या दरासकट. मधे मधे 'हं' म्हणत, आणि तेही खरं! मग विचारलं, "जेवलीस का गं?" मुलगी गप्पच झाली. जेवली नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. तिनं डबा उघडला आणि आत्यानं पूर.

पाणी ओसरायच्या आत मुलीमागं तिचा साहेब येऊन उभा राहिला असावा, कारण ती एकदम पाठ केलेल्या आवाजात 'धन्यवाद, मॅडम' म्हणाली आणि फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आला. तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून.

"कर्जाबद्दल अवाक्षर नाही," आत्या मला सांगत होती. "बंब सापडला का, एवढंच विचारत होती."