मुहूर्त कधी?

जुईनगर, रविवार रात्र.

जानेवारी २०२१ मध्ये ‘अस्मि’ची बातमी वाचून छाती फुगली होती. ९ मिमीचं स्वदेशी मशीन पिस्तूल, महूचं इन्फन्ट्री स्कूल आणि आपल्या पुण्याची पाषाणमधली एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था यांनी मिळून केलेलं. ट्रिगरचे भाग थ्री-डी प्रिंटिंगचे, आणि सगळं अवघ्या चार महिन्यांत! मग सामसूम. साखरपुडा वाजतगाजत, लग्नाच्या तारखेचा पत्ता नाही. लष्कराच्या उत्तर विभागासाठी ५५० नगांची ऑर्डर निघाली तेव्हा २०२४ उजाडलं होतं. चाचण्या हव्यातच, ऐन वेळी अडकणारं हत्यार काय कामाचं? पण मग फोटो काढून मिरवायची एवढी घाई कशाला? लष्कराच्या जुन्या स्टर्लिंग कार्बाइनला पर्याय हवा, हे रडगाणं तर ‘अस्मि’हूनही जुनं.