अकरा मिनिटांनंतर

पश्चिम रेल्वेच्या लाईनवर राहणारी माणसं तासांत जगत नाहीत, मिनिटांत जगतात. चर्चगेटला रिकामी गाडी पुरती थांबण्यापूर्वीच आत उडी मारून खिडकी धरणारी, दादरला कुठल्या खांबापाशी उभं राहिलं की दार बरोबर समोर येतं हे ठाऊक असलेली, अंधेरी गेली की कुणाची जागा आपल्याला मिळणार हे नजरेनेच ठरवून टाकणारी, आपल्या गाडीला तिच्या वेळेच्याच नावाने हाक मारणारी ही माणसं. घरीसुद्धा कुकरची शिट्टी आणि उंबऱ्यातली चप्पल यांच्यात मिनिटांचाच हिशोब असतो. मिनिट चुकलं की गाडी चुकते.

आणि कधी कधी, गाडी मिळते म्हणूनच सगळं चुकतं.

11 जुलै 2006. मंगळवार होता, गुरुपौर्णिमा होती, हवा पावसाने जड झालेली होती. संध्याकाळच्या ऐन गर्दीत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड... लहानपणी पाढ्यांसारखी घोकलेली ही नावं त्या रात्री टीव्हीवर ऐकताना मध्येच अडखळत होती. 180 हून अधिक माणसं गेली. मोबाईल लागत नव्हते. सगळं शहर एकाच वेळी एकमेकांना हाका मारत होतं आणि कुणाची हाक कुणापर्यंत पोचत नव्हती. रुळांलगतच्या झोपड्यांतून माणसं धावत आली ती अंथरुणावरच्या चादरी घेऊन. त्याच चादरींच्या झोळ्या करून त्यांनी अनोळखी जखमींना उचललं. रात्रीच गाड्या पुन्हा सुरू झाल्या, सकाळी डबे पुन्हा भरले, आणि शहराच्या हिमतीचं कौतुक करता करता आपण पुढे निघून गेलो.

काही घरं मात्र त्या मिनिटातच उतरून राहिली.

आमच्या शेजारच्या काकूंचं घर त्यातलं. काकांच्या वस्तू परत मिळाल्या त्यात फर्स्ट क्लासचा त्रैमासिक पास होता. कडा ओल्या होऊन फुगलेल्या, फोटोतला चेहरा जरासा पुसट, आणि मुदत संपायला अजून दीड महिना. काकूंनी तो रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवला. पुढे कुठलंही सरकारी काम निघालं, पाकीट उघडलं, की आधी तो पास हाताला लागायचा. त्या क्षणभर थांबायच्या आणि मग हवा तो कागद काढायच्या. मुलगा मोठा झाला, त्याच लाईनवर नोकरीला जाऊ लागला. ऑफिसात पोचल्यावर फोन करायचा, हा त्या घरातला न मोडणारा नियम. फोन येईपर्यंत चहा गॅसवरून उतरत नाही.

मिनिटांत जगलेल्या या बाईच्या वाट्याला नंतर कोर्टाचा काळ आला. त्या काळाला खिडकी नसते, इंडिकेटर नसतो, पुढचं स्टेशन कुठलं ते कुणी सांगत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी यायच्या. त्या कात्रीने कापून ठेवायच्या. 2015 च्या जुलैत, त्या स्फोटांत जखमी होऊन नऊ वर्षं रुग्णालयाच्या खाटेवर काढलेला एक तरुण गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. चाळीत कुणीतरी म्हणालं, "चला, सुटलात एकदाच्या." काकू काही बोलल्या नाहीत. देवापुढे दिवा लावून स्वयंपाकाला लागल्या.

मग दहा वर्षांनी, 21 जुलै 2025 ला, मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. गुन्हा सिद्ध करण्यात सरकारी पक्ष पुरता अपयशी ठरला, असं न्यायालयाने म्हटलं. बारांतला एक जण 2021 मध्येच तुरुंगात वारला होता. त्याचं निर्दोषत्व त्याच्या कबरीवर पोचलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, सुटलेल्यांना पुन्हा आत न टाकता, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. वाट पुन्हा लांबली.

उच्च न्यायालयाचा निकाल आला त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेले होते. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना कुणीच मारलं नाही का गं?"

मला उत्तर सुचलं नाही. बाहेर पाऊस पागोळ्यांवरून सरळ रेषेत उतरत होता, लांबून गाडीचा भोंगा आला, खिडकीची तावदानं हलकीशी थरथरली, आणि पडद्यावर तुरुंगाच्या दारातून बाहेर येणारी, केस पांढरे झालेली माणसं कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या आयाही दाराकडे बघत बसल्या असतील की. एकोणीस वर्षं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ही वाट शिक्षेची आहे. शिक्षेची असती तर 2015 लाच संपली असती. ज्या घरात पास जपून ठेवला आणि ज्या घरात तुरुंगभेटीच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या, ती दोन्ही घरं एकाच गोष्टीसाठी ताटकळली होती: त्या संध्याकाळी खरं काय झालं, हे कुणीतरी शपथेवर, पुराव्यानिशी, एकदा सांगावं. चुकीच्या माणसाला धरून दिलेलं उत्तर एका घरातला अंधार उचलून फक्त दुसऱ्या घरात नेऊन ठेवतं.

साक्षीदार म्हातारे होतात, पुरावे विरतात, नोंदींवरची शाई उडते. म्हणून घाई कुणाला असेल तर ती तपासाला असायला हवी. काकूंना धीर धरा म्हणून सांगण्याचा हक्क आता आपल्यापैकी कुणालाही उरलेला नाही.