बत्तीस स्पेशल आणि रिकाम्या केसेसची पिशवी

पिट्सबर्गजवळच्या एका दुकानात वापरलेल्या रायफलींची रांग मांडलेली असते. तिथे माझा प्रश्न ठरलेला: "हिची काडतुसं आहेत का?" दुकानदाराने नकारार्थी मान हलवली की मी पाकिटाला हात घालतो.

पेशाने मी धातुशास्त्राचा अभियंता. गेली वीस वर्षं घराच्या तळघरात काडतुसं भरतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती ती भरायला संघीय परवाना लागत नाही. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली विनापरवाना हे करणं गुन्हा आहे, तेव्हा वाचकांनी हा लेख दुरूनच चाखावा.

वेस्टर्न सिनेमात घोडेस्वार मुठीखालची कडी पुढे ढकलून मागे ओढतो, ती लिव्हर-अ‍ॅक्शन. त्यातली सर्वांत रुळलेली म्हणजे जॉन ब्राउनिंगने रचलेली विंचेस्टर १८९४. तिची पहिली काडतुसं ३२-४० आणि ३८-५५, काळ्या दारूची. १८९५ मध्ये बिनधुराच्या दारूची ३०-३० आणि २५-३५ आली, विसावं शतक उजाडल्यावर ३२ स्पेशल. यातली बरीचशी भावंडंच: ३८-५५ च्या पितळी केसची मान आवळली की ३०-३०, जरा कमी आवळली की ३२ स्पेशल. थोरल्या लेकीसारखं सगळं कौतुक ३०-३० ला मिळालं. ३२ स्पेशलचं खोकं दुकानात क्वचित दिसतं, दिसलं तर महाग. बंदूक तितकीच चांगली, पण तिला खायला काय घालायचं या धास्तीने भाव पडतो.

संग्राहकांच्या वाटेला मी जात नाही. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी घडण बदलली, म्हणून त्याआधीच्या कोऱ्या दिसणाऱ्या बंदुकांना ते भरपूर मोजतात. दस्त्यावर ओरखडे असलेली, दुर्बिणीसाठी कुणीतरी भोकं पाडून 'बाटवलेली' ती माझी.

अशीच एक ३२ स्पेशल फार स्वस्तात मिळाली. विकणाऱ्या आजोबांची तक्रार होती, की ती नेमाला अजिबात लागत नाही. सोबत रिकाम्या केसेसची पिशवी फुकट दिली. घरी एक केस उलटी करून बुडाचा शिक्का वाचला: ३०-३०! मानेला व्हर्नियर लावला, तर ती चांगलीच फुगलेली. ३०-३० ची गोळी ०.३०८ इंचाची, ३२ स्पेशलची ०.३२१. काडतूस आत बसतं, बारही होतो, पण बारीक गोळीला नळीतले आटे पकडतच नाहीत. बंदूक निर्दोष होती. नळीवरचं नाव मात्र कुणी वाचलं नव्हतं.

भरणं ऐकायला सोपं. उडालेली केस स्वच्छ करायची, डायमध्ये दाबून मापावर आणायची, जळकी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी बसवून तोंड आवळायचं. दारूचं माप ग्रेनमध्ये: एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या अर्ध्या गुंजेच्या आसपास. आकडा छापील पुस्तकातलाच घ्यायचा, सुरुवात कमीकडून, आणि तेवढा वेळ फोन वरच्या मजल्यावर. गोळी चपट्या टोकाची हवी. या बंदुकीत नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक आडवी असतात. टोकदार गोळी धक्क्याने पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळली, तर बार तिथेच व्हायचा.

केसचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. बाराला फुगायचं, डायमध्ये आक्रसायचं. काही फेऱ्यांनी मान ताठरते आणि चिरते. यावरचा उपाय मी पुस्तकात वाचण्याआधी कसबा पेठेतल्या तांबट आळीत पाहिला होता. हंडा ठोकून कडक झाला की तो विस्तवात जायचा, मऊ होऊन पुन्हा ऐरणीवर यायचा. मी ज्योतीवर फक्त मान तापवतो. बूड थंडच राहायला हवं. तेही मऊ पडलं तर दाब सोसणार कोण?

प्रेस, डाय आणि तराजूचे पैसे सुटायला वर्षं लागतात. ३०-३० वाल्यांना मी हा उद्योग सुचवत नाही, त्यांनी खोकं विकत घ्यावं. ३२ स्पेशलची उरलेली किंमत मात्र मी तळघरातल्या संध्याकाळींनी फेडतो, आणि त्याबद्दल तक्रार नाही.

या जुन्या विंचेस्टरची केस वरच्या बाजूने उडते आणि कुठेतरी मागे पाचोळ्यात पडते. हंगामात बार झाला की सोबती हरणाच्या मागावर निघतात. मी गुडघे टेकून पानं चाळत बसतो.