पेटींतल्या समुद्राचें पाणी

आमच्या घरीं प्रथमच येणारा पाहुणा दिवाणखान्यांतील कांचेच्या पेटीपुढें थोडा वेळ उभा राहतो, आंतील नारिंगी माशांचें कौतुक करतो, आणि मग हटकून एकच प्रश्न विचारतो, "याचें पाणी किती दिवसांनीं बदलतां हो?" प्रश्न साधा आहे, आणि त्याच्या उत्तरास एक वाक्य पुरे आहे. परंतु तें वाक्य मला कोणत्या किंमतीस मिळालें हें सांगितल्यावांचून नुसतें उत्तर देणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें. म्हणून ती सारी हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

सदाशिव पेठेंतील आमचा जुना वाडा जाऊन त्या जागीं इमारत उभी राहिली. तरी आम्ही दोघे भाऊ, आमचे मुलगे-सुना, नातवंडें आणि नव्वदीच्या घरांत पोहोंचलेल्या आमच्या मातोश्री अद्याप एकाच स्वयंपाकघरांत जेवतों. मीं आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें. समुद्राशीं माझा संबंध म्हणजे लहानपणीं वडिलांनीं मुंबईस नेऊन दाखविलेलें तारापोरवाला मत्स्यालय, एवढाच. १९५१ सालीं उघडलेल्या त्या इमारतींतील कांचांपुढून मला त्या दिवशीं ओढून न्यावें लागलें, असें मातोश्री अजून सांगतात. तेंच वेड एक पिढी ओलांडून माझ्या नातवांत उतरलें. त्याच्या मुंजीच्या वेळीं "तुला काय भेट पाहिजे?" असें मीं विचारलें, तेव्हां त्यानें क्षणाचाहि विचार न करतां उत्तर दिलें, "समुद्र."

शाकाहारी घरांत मासे यावयाचे म्हणून प्रथम थोडी कुरकुर झाली. पण ते ताटांत नव्हे, पेटींत यावयाचे आहेत असें समजल्यावर मातोश्रींनींच परवानगी दिली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी आली. दगड आणि वरची मोकळी जागा वजा जातां तींत सुमारें १६० लिटर पाणी मावतें. तें खारें करण्यास स्वयंपाकघरांतलें मीठ चालत नाहीं. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम आणि क्लोराइड यांचा भाग मोठा खरा. पण मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हीं द्रव्येंहि ठराविक प्रमाणांत असावीं लागतात. म्हणून त्यासाठीं मुद्दाम तयार केलेलें मिश्रण आणावें लागतें.

प्रवाळ मात्र आम्हीं आणले नाहींत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत, आणि मालवणचा तो सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं दगडी प्रवाळांचा समावेश झाला. जें समुद्रांतून उचलणें गुन्हा आहे, तें मुंजीच्या भेटींत कसें द्यावें? कृत्रिम सच्छिद्र दगड, थोडी वाळू आणि मानवी देखरेखीखालीं जन्मलेले दोन विदूषक मासे, एवढ्यावर आमचा समुद्र सुरू झाला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें या जातीची पैदास टाक्यांत साधली आहे, त्यामुळें हौसेपायीं समुद्रांतले मासे पकडण्याचें कारण उरत नाहीं. नातवानें थोरल्या माशाचें नांव बाजीराव ठेवलें आणि धाकट्याचें चिमाजी.

पहिलें वर्ष सुखाचें गेलें. मग दिवाळी आली. नातू आईबरोबर कोल्हापूरास आजोळीं गेला होता आणि घरांत आवराआवरीची धामधूम चालली होती. आमच्या घरांत एक जुना परिपाठ आहे: सकाळीं उठल्यावर आदल्या दिवशींचें शिळें पाणी ओतावयाचें, हंडा-कळशी लख्ख घासावयाची आणि ताजें पाणी भरावयाचें. लहानपणापासून हें पाहिलेल्या माझ्या मनानें सहज ठरविलें कीं, जें हंड्याला चांगलें तें पेटीलाहि चांगलें. मीं मासे बादलींत काढले, सारें पाणी ओतलें, दगड नळाखालीं धरून ब्रशानें पांढरेशुभ्र होईपर्यंत घासले, वाळू धुतली, गाळणीचा स्पंज पिळून काढला, आणि नवें खारें पाणी भरून मासे परत सोडले. पेटी इतकी स्वच्छ पूर्वीं कधींच दिसली नव्हती. मीं शेजाऱ्यांना बोलावून ती दाखविली, हें आतां सांगावयास लाज वाटते.

तिसऱ्या दिवशीं दोन्ही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागले. तपासणीचे थेंब टाकून पाहिले, तों जें पाणी पिवळें राहावयाचें तें हिरवेंगार झालें. चौथ्या दिवशीं पहांटे बाजीराव तळाशीं आडवा पडलेला दिसला. गच्चीवरील जास्वंदीच्या कुंडींत मीं त्याला पुरला.

अमेरिकेंत असलेल्या माझ्या पुतण्याकडे प्रवाळांची मोठी पेटी आहे. त्याला मीं फोन केला. "काका, तुम्ही पाणी बदललेंत म्हणून मासा मेला नाहीं. दगड धुतलेत म्हणून मेला," तो म्हणाला. मग त्यानें जें समजाविलें तें असें: मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो आणि अमोनिया अत्यंत विषारी असतो. दगडांच्या रंध्रांत, वाळूंत आणि स्पंजांत वस्ती करून राहिलेले जीवाणु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि घातकच. दुसरे जीवाणु त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात, आणि तें पुष्कळ सौम्य असतें. ही वस्ती बसण्यास महिना-दीड महिना लागतो. ती पाण्यांत फारशी नसते, म्हणून नुसतें पाणी काढल्यानें ती जात नाहीं. मीं मात्र क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यानें आणि ब्रशानें ती वस्तीच उठविली होती. आतां चिमाजीला वांचविण्याचा उपाय एकच होता: वस्ती पुन्हां बसेपर्यंत रोज निम्में पाणी बदलून विष पातळ करीत राहणें. ज्या कामाची मला धास्ती बसली होती, तेंच काम पुढें पांच आठवडे मीं व्रतासारखें केलें.

पण त्याहून कठीण प्रसंग आधींच येऊन ठेपला होता. नातू दोन दिवसांनीं परतावयाचा होता. धाकट्या भावानें सुचविलें, "तसाच दुसरा मासा आणून सोडूं. त्याला काय कळणार?" मीं पिशवी घेऊन निघालोंहि. दाराशीं मातोश्री बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, मासा पुन्हां आणतां येईल. आजोबांचा शब्द खोटा असतो असें एकदां त्या पोराला कळलें, तर तो शब्द कोणत्या दुकानांतून आणशील?" मीं पिशवी खुंटीला अडकविली.

नातू आला तेव्हां त्याला पेटीपाशीं बसवून मीं सारें सांगितलें. तो रडला नाहीं. बराच वेळ गप्प राहून त्यानें विचारलें, "तुम्हांला माहीत नव्हतें, तर आधीं विचारलें कां नाहीं?" चाळीस वर्षें हाच प्रश्न मीं विद्यार्थ्यांना विचारीत आलों होतों. मजपाशीं उत्तर नव्हतें. तो गच्चीवर जाऊन जास्वंदीपाशीं उभा राहिला आणि चार दिवस मजशीं कामापुरतेंच बोलला. पांचव्या दिवशीं तो आपण होऊन बादली धरावयास आला.

पुढें आम्ही दोघांनीं मिळून पाण्याचें गणित मांडलें. समजा, आठवड्याला नायट्रेटाची भर लिटरामागें ५ मिलिग्रॅम पडते, आणि दर आठवड्यास आपण दहावा हिस्सा पाणी बदलतों. पाण्याबरोबर असलेल्या नायट्रेटाचाहि दहावा हिस्साच जातो. म्हणून तें वाढत वाढत ५० वर पोहोंचतें आणि तेथें थांबतें, कारण ५० चा दहावा हिस्सा ५; जमा तितकाच खर्च. पांचवा हिस्सा बदलला तर तें २५ वर थांबतें. पण दहावाच हिस्सा बदलून माशांचें खाणें निम्म्यावर आणलें, तर भर अडीचवर येऊन तें २५ वरच थांबतें! नातू मायेनें चिमट्या-चिमट्यांनीं खाऊ टाकीत असे. आमच्या पाण्याचा खरा प्रश्न त्या चिमटींत होता. प्रवाळ असतील तर नायट्रेट दहाच्या आंत ठेवलेलें बरें, आणि प्रवाळ कॅल्शियम शोषून घेतात त्याचीहि भरपाई करावी लागते. माशांना त्याहून बरेंच अधिक नायट्रेट सोसतें. तेव्हां किती दिवसांनीं हें पंचांगावरून ठरत नाहीं, तपासणीवरून ठरतें. नवख्यानें आठवड्यास दहाव्या हिश्शापासून आरंभ करावा, हें मात्र खुशाल सांगावें.

आतांचा आमचा क्रम असा आहे. शनिवारीं रात्रीं सोळा लिटर शुद्ध पाण्यांत सुमारें सहाशें ग्रॅम मिश्रण घालून हवेच्या पंपानें तें रात्रभर ढवळत ठेवावयाचें. रविवारीं त्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ आहे आणि उष्णता पेटीइतकीच आहे हें पाहून, वाळूंतील गाळासकट तितकेंच पाणी नळीनें काढून तें भरावयाचें. दगडांस हात लावावयाचा नाहीं; स्पंज धुवावयाचा तो काढलेल्या खाऱ्या पाण्यांतच. रोज पाण्याची वाफ होते, पण मीठ मागें राहतें; म्हणून कांचेवरील खुणेपर्यंतची रोजची भर नेहमीं गोड्या शुद्ध पाण्याची. वैशाखांत ही भर बरीच लागते, श्रावणांत थोडी. शुद्धीकरण यंत्र एका लिटरामागें दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतें. खडकवासल्याचें पाणी उन्हाळ्यांत जपून वापरावें लागतें, म्हणून तें टाकाऊ पाणी सूनबाई फरशी पुसण्यास घेतात.

आमचे वडील सांगत, नित्यकर्म केल्यानें पुण्य लागत नाहीं, न केल्यानें मात्र प्रत्यवाय घडतो. पेटीचें पाणी हें तसलें कर्म आहे. दिवाळीस एकदां मोठा उत्साह दाखवून तें फिटत नाहीं; दर रविवारीं थोडें थोडें, कोणी न पाहतां करावें लागतें. नातवाचा विश्वासहि मला तसाच, आठवड्यास दहावा हिस्सा, परत मिळाला.

चिमाजीला नवा सोबती आला आहे, आणि या जातीच्या नियमाप्रमाणें चिमाजी आतां नर राहिला नसून मादी झाला आहे. नांव तेंच राहूं द्यावें असा नातवाचा निकाल आहे. परवां एका पाहुण्यांनीं नेहमींचा प्रश्न विचारला. मी तोंड उघडण्यापूर्वींच नातू म्हणाला, "दर रविवारीं दहावा हिस्सा. आणि दगड धुवावयाचे नाहींत. आजोबांना विचारा कां तें."

मीं सांगितलें.